लायसन्स द्यायचंच असेल तर पूर्ण द्या: एनसीटीईला एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार,

मी महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. माझी नेमणूक २०१० च्या आधीची आहे, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात जे शिक्षक येतात त्यातलीच मी एक. आधीच सांगून टाकते की टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मी देणार आहे, अभ्यास सुरू केलाय, त्यामुळे हे पत्र परीक्षा टाळायला लिहिलेलं नाही. ज्यांची ५ वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली त्यांनी २ वर्षांत पास व्हायचं नाहीतर घरी जायचं, ज्यांची ५ वर्षांपेक्षा कमी उरली ते राहतील पण प्रमोशन नाही, हे कोर्टाने सांगितलंय आणि कोर्टाच्या निकालाबद्दल तुम्हाला पत्र लिहून काही होणार नाही हे मलाही कळतं. पण या निकालाने एक प्रश्न वर आणलाय आणि त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी तुमचीच आहे. या देशात शिक्षकाला शिक्षक म्हणून उभं राहायचा परवाना नक्की देतं कोण, आणि एकदा दिला की त्यानंतर त्या माणसाकडे बघतं कोण?

तुमची परिषद १९९३ च्या कायद्याने आली आणि १९९५ पासून काम करतेय. तुम्ही बीएड, डीएलएड कॉलेजांना मान्यता देता, त्यांचे नियम ठरवता, आणि आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा आल्यावर केंद्राने तुम्हाला शिक्षकांची किमान पात्रता ठरवायचा अधिकार दिला त्यातून टीईटी आली. म्हणजे परवाना कॉलेजला आहे, मला नाही. माझं नाव तुमच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. डॉक्टरचं नाव मेडिकल कौन्सिलच्या यादीत असतं, त्याच्या चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर छापलेला असतो, वकिलाची सनद बार कौन्सिलकडून येते. माझं काय आहे? सेवापुस्तक पंचायत समितीत, पगार शालार्थमध्ये, शाळेची माहिती भरताना माझं नाव यूडायसमध्ये, आणि टीईटी पास झाले की ते सर्टिफिकेट राज्याच्या परीक्षा परिषदेचं. चार ठिकाणी माझ्याबद्दल नोंद आहे पण ही बाई शिकवायला पात्र आहे, तिची नोंदणी चालू आहे, तिच्यावर कुठली कारवाई झालेली नाही, असं एका जागी सांगणारं कुणी नाही. पालकाने विचारलं तर मी त्याला दाखवू काय?

ही फक्त मानाची गोष्ट असती तर मी एवढं लिहिलं नसतं, पण रजिस्टर नसल्याचे परिणाम आम्ही इथे बघतोय. २०२५ मध्ये नागपूरकडचं बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, खोटी कागदपत्रं करून माणसं शिक्षक म्हणून पगार घेत होती. शालार्थ ही पगाराची सिस्टीम आहे, कोण शिक्षक आहे हे ठरवायला ती बनवलेलीच नाही, पण दुसरं काही नाही म्हणून तीच आमची ओळख होऊन बसली, आणि जो आयडी मिळवेल तो शिक्षक. त्याआधी २०१९-२० च्या टीईटीचा घोटाळा, मार्क वाढवून पास दाखवलेले साडेसात हजारांहून जास्त उमेदवार २०२२ मध्ये अपात्र ठरवले गेले. त्या वर्षी जी मुलं खरोखर रात्रीचा दिवस करून पास झाली त्यांच्याकडे लोक कसं बघायला लागले हे मी जवळून बघितलंय, स्टाफरूममध्ये नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न "कुठल्या सालची टीईटी?" आणि उत्तर ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यात होणारा बदल. ज्याचा काही दोष नाही त्याला हे का सोसावं लागावं?

आता टीईटीबद्दल. १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास, पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० मार्क, आरक्षित प्रवर्गाला सवलत. पहिली ते पाचवीच्या पेपरात बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा ३०-३०, गणित ३०, परिसर अभ्यास ३०. परीक्षा म्हणून मला यात वाईट काही दिसत नाही. ज्याला चौथीचं गणित स्वतःला येत नाही त्याने ते शिकवू नये, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण हा दारावरचा चेक आहे, नवीन माणूस आत येतोय तेव्हा त्याच्याबद्दल काहीच माहीत नसतं म्हणून परीक्षा घ्यायची. जो माणूस वीस-पंचवीस वर्षं वर्गात उभा आहे त्याच्याबद्दल कळायला उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करणं हा एकच मार्ग तुमच्याकडे उरला असेल, तर इतकी वर्षं त्याच्या कामाची नोंद कुणीच ठेवली नाही असा त्याचा अर्थ होतो. आणि तुमच्याच २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत आधी नियमाने नेमलेल्या शिक्षकांना ही किमान पात्रता नव्याने मिळवायची गरज नाही असं लिहिलेलं होतं, आम्ही त्यावर विश्वास ठेवून पंधरा वर्षं शिकवलं. आज ती सूट टिकली नाही. तेव्हाच तुम्ही "परीक्षा नको, पण नोंदणी करा, दर पाच वर्षांनी तुमचं काम दाखवा" असं काही उभं केलं असतं तर कोर्टासमोर दाखवायला आमच्या हातात काहीतरी असतं.

परिसर अभ्यासाचा प्रश्न मला येईल. पण दुसरीतली एक मुलगी वर्षभर ब आणि व ची अदलाबदल करत होती, तिला नक्की कुठे अडतंय हे शोधायला मी तिच्या वहीची जुनी पानं मागे जाऊन जाऊन बघितली तेव्हा लक्षात आलं की तिचं लिहिताना चुकत नाहीये, ऐकताना चुकतंय, मग तिला पुढच्या बाकावर घेतलं आणि पालकांना कान तपासायला पाठवलं. हे काम कुठल्या पर्यायात बसतं? माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी रोज हेच करतात, आणि याची नोंद ना सेवापुस्तकात होते ना गोपनीय अहवालात.

जगात हे काम कुणी केलेलंच नाही असंही नाही. स्कॉटलंडमध्ये १९६१ साली ग्लासगोच्या शिक्षकांनी संप केला आणि त्यातली एक मोठी तक्रार ही होती की पात्रता नसलेली माणसं वर्गावर घेतली जातायत. म्हणजे दर्जा पाळा असं शिक्षकच सरकारला सांगत होते. त्यातून समिती बसली, १९६५ चा कायदा झाला आणि जनरल टीचिंग कौन्सिल उभी राहिली. तिथे नोंदणीशिवाय सरकारी शाळेत शिकवता येत नाही. कौन्सिलमध्ये ३७ सदस्य, त्यातले १९ नोंदणी असलेल्यांनीच निवडून दिलेले, बाकी शिक्षणक्षेत्रातले नेमलेले आणि काही शिक्षणाबाहेरचे नागरिक. २०१२ पासून ती सरकारपासून स्वतंत्र आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओत कॉलेज ऑफ टीचर्स आहे, १९९६ च्या कायद्याने झालेलं, तिथे कुठलाही पालक वेबसाईटवर शिक्षकाचं नाव टाकून बघू शकतो की याची पात्रता काय, लायसन्स चालू आहे का, शिस्तभंगाचा निकाल लागलाय का.

आपल्याकडे बार कौन्सिलवर वकील मतदान करून आपले लोक पाठवतात. तुमच्या कायद्यात शिक्षकांमधून काही सदस्य घ्यायची तरतूद आहे खरी, पण ते केंद्र सरकार नेमतं. आम्ही कुणाला मत देत नाही आणि आमच्या वतीने तिथे कोण बसलंय हे आमच्यातल्या बहुतेकांना सांगताही येणार नाही. नवीन शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की तुमचं रूपांतर व्यावसायिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेत होणार, शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानकं म्हणजे एनपीएसटी येणार, आणि पगारवाढ, प्रमोशन त्याच्याशी जोडलं जाणार. तो मानकांचा कागद तुम्ही काढलाय. म्हणूनच आत्ता लिहितेय, कारण अजून ते पक्कं बसलेलं नाही, आत्ता बोललो नाही तर नंतर आमच्याकडे फक्त जीआर येईल.

सगळ्यात जास्त मला नवीन शिक्षकांबद्दल बोलायचंय. आपल्याकडे २००० सालापासून शिक्षण सेवक योजना आहे, पहिली तीन वर्षं मानधनावर. २०२३ पर्यंत प्राथमिकला महिना ६,००० रुपये होते, आता १६,००० झालेत. कागदावर हा परिविक्षेचा काळ आहे, म्हणजे शिकायचा, घडायचा. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आमच्याकडे एक मुलगा शिक्षण सेवक म्हणून आला, हजर होण्याचा रिपोर्ट दिला, त्याच दिवशी त्याच्या हातात दोन इयत्तांची हजेरी पुस्तकं आणि पोषण आहाराचं रजिस्टर आलं, दुसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या मीटिंगला माहिती घेऊन तोच गेला कारण त्याला कॉम्प्युटर येतो. पहिलीच्या मुलाला पेन्सिल धरायला कशी शिकवायची हे त्याला कुणी दाखवलं नाही, त्याच्या वर्गात मागे बसून कुणी बघितलं नाही, त्याने स्वतः विचारलं तेव्हा आम्ही डब्याच्या सुट्टीत जे सांगता येईल ते सांगितलं. तीन वर्षांनी त्याचा प्रस्ताव गेला, त्यात चारित्र्य, हजेरी, कागदपत्रं सगळं होतं, पण याला शिकवता येतं का याबद्दल एक शिक्का सोडला तर काही नव्हतं. आणि तो चांगला शिक्षक झाला, अगदी मनापासून सांगते, पण तो त्याच्या जिद्दीवर झाला, आपल्या व्यवस्थेने त्याला काहीही दिलं नाही. त्याच्यासारखेच दुसरे कितीतरी पहिल्या दोन वर्षांत मनाने बाहेर पडतात आणि मग तीस वर्षं फक्त नोकरी करतात.

स्कॉटलंडमध्ये २००२ पासून नवीन शिक्षकाला पहिलं वर्ष हमीने मिळतं, त्या वर्षात तास कमी असतात, एक अनुभवी शिक्षक मेंटॉर म्हणून नेमलेला असतो, तो वर्गात बसून बघतो, बोलतो, लिहून देतो, आणि ते वर्ष नीट पार पडलं की मग पूर्ण नोंदणी. लायसन्सची खरी परीक्षा ती आहे, कारण ती वर्गात होते. आपल्याकडे तर तीन वर्षं हातात आहेत! त्या तीन वर्षांत फक्त एक माणूस, एक अनुभवी शिक्षक, त्यालाही त्यासाठी आठवड्यात काही तास मोकळे आणि सेवेत त्याची नोंद, एवढं जरी तुम्ही मानकांमध्ये बंधनकारक केलंत तरी टीईटीचे आणखी दहा पेपर काढून जे होणार नाही ते होईल.

ट्रेनिंगचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. धोरणात वर्षाला ५० तासांचं सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाचं ट्रेनिंग आहे. तास भरणं अवघड नाही, सरकारच्या दीक्षा पोर्टलवर व्हिडिओ लावून ठेवला की तास भरतात. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, त्यासाठीचं ट्रेनिंग, त्याची फी, सर्टिफिकेट, हेही आम्ही केलंय. यात कुठेच "तू मागच्या पाच वर्षांत तुझ्या वर्गात काय बदललंस" हा प्रश्न येत नाही. तास मोजायचे थांबवा आणि हा एक प्रश्न विचारा, तोही आमच्यातल्याच कुणीतरी, वर्गात येऊन.

आता अवघड भाग, शिस्त आणि कारवाई. यावर आमच्या संघटना गप्प बसतात, मी बसणार नाही. मुलांना मारणारे, मुलींशी घाणेरडं वागणारे, दारू पिऊन शाळेत येणारे शिक्षक आहेत, थोडे आहेत पण आहेत, आणि त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांना मान खाली घालावी लागते. आरटीईच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी घालून किती वर्षं झाली. आज अशा माणसाचं काय होतं? सरकारी असेल तर जिल्हा परिषदेच्या शिस्त आणि अपील नियमांनी सस्पेंड, चौकशी, मग बहुतेक वेळा बदली, म्हणजे प्रश्न दुसऱ्या गावातल्या मुलांकडे पाठवला. खाजगी संस्थेत असेल तर बोभाटा नको म्हणून राजीनामा घेतात, आणि तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातल्या विनाअनुदानित शाळेत अनुभवाचं सर्टिफिकेट घेऊन उभा राहतो. तिथल्या मुख्याध्यापकांनी कुठे विचारायचं? विचारायला जागाच नाही, कारण काढून टाकतात ते नोकरीतून, व्यवसायातून कुणालाच काढता येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. संस्थाचालकाचं ऐकलं नाही, पटसंख्या खोटी दाखवायला नकार दिला, म्हणून चौकशी मागे लावलेले शिक्षक मला माहीत आहेत. आमच्या राज्यात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा एमईपीएस कायदा आणि १९८१ चे नियम आहेत, त्यात नियम ३६ ची चौकशी समिती बघा. शिक्षकाच्या चौकशीत तीन जण, एक व्यवस्थापनाचा, एक त्या शिक्षकाने सुचवलेला, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांमधला. म्हणजे शिक्षकाचं काम बघायला शिक्षकच हवा ही कल्पना आमच्या जुन्या नियमात बसलेली आहे, फक्त समितीची सुरुवात आणि शेवट संस्थेच्या हातात आहे. हीच गोष्ट संस्थेच्या बाहेर काढा, राज्य पातळीच्या कौन्सिलकडे द्या, शिक्षक आणि बाहेरचे नागरिक मिळून बसतील, मुदत ठरलेली असेल, दोन्ही बाजू ऐकतील, निकाल लेखी आणि कारणांसकट असेल, आणि दोषी ठरला तर नोंदणी रद्द, मग देशात कुठेही तो वर्गात उभा राहू शकणार नाही. निर्दोष ठरला तर तेही तेवढ्याच स्पष्टपणे रजिस्टरमध्ये दिसलं पाहिजे.

माझ्या सहकाऱ्यांना याची भीती वाटते आणि ती खोटी नाही. ते म्हणतात लायसन्स म्हणजे साहेबांच्या हातात अजून एक दांडका, आज पगार अडवतात उद्या लायसन्स अडवतील. एकशिक्षकी शाळेतल्या माणसाला आणि प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक असलेल्या शाळेतल्या माणसाला एकच तक्ता लावून मोजतील. आरटीईच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय, तरी किती प्रकारची माहिती आम्ही दर आठवड्याला भरतो आणि वर्ग मोकळा राहतो, मग त्या वर्गाची मुलं मागे पडली की जबाबदार कोण, मीच ना? म्हणून माझं म्हणणं आहे की मानकं दोन्ही बाजूंनी लिहा. शिक्षकाकडून काय अपेक्षा हे लिहाल त्याच कागदावर त्याला काय मिळालं पाहिजे हेही लिहा, तयारीला वेळ, वर्गात मुलांची नियमातली संख्या, मेंटॉर. आणि शाळेने किंवा सरकारने ते दिलं नसेल तर मूल्यमापनात तसं नोंदवायची जागा ठेवा.

इंग्लंडमध्येही अशी कौन्सिल होती, २००० मध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्ये सरकारने बंद केली. शिक्षक फी भरायचे पण ही संस्था आपल्यासाठी काय करते हे अनेकांना कळत नव्हतं, त्यामुळे ती बंद होताना तिच्या बाजूने फार कुणी उभं राहिलं नाही. तुम्ही उद्या नोंदणी फी लावाल, मानधनावरच्या मुलांकडून तरी ती घेऊ नका, आणि बाकीच्यांकडून घेतलीत तर तिचा हिशोब दरवर्षी आमच्यासमोर ठेवा.

नोंदणीत खाजगी विनाअनुदानित आणि इंग्लिश मीडियमच्या शाळा सुटता कामा नयेत हे वेगळं सांगते, कारण कडक नियम नेहमी सरकारी शिक्षकावर येऊन थांबतात. तिथल्या कितीतरी मुली डीएड, बीएड नसताना अगदी तुटपुंज्या पगारावर शिकवतात, त्यांना एका दिवसात अपात्र ठरवून रस्त्यावर आणू नका, तात्पुरती नोंदणी द्या, पात्रता मिळवायला मुदत द्या, आणि तात्पुरत्या नोंदणीवर किती जणांना ठेवता येईल याची मर्यादा शाळेवर घाला.

आणि आत्ता सेवेत असलेल्या, टीईटीच्या मुदतीत अडकलेल्या आमच्यासाठी एक मागणी आहे. निकाल बदलणं तुमच्या हातात नाही, पण परीक्षेचं स्वरूप आणि पात्रता ठरवणं तुमच्याकडे आहे. सेवेतल्या शिक्षकांसाठी टीईटीचा वेगळा पेपर ठेवता येईल का, ज्यात वर्गातल्या प्रसंगांवरचे प्रश्न जास्त असतील, आणि मुदत संपेपर्यंत दरवर्षी पुरेशा वेळा परीक्षा होतील, याबद्दल केंद्राकडे आणि गरज पडली तर कोर्टाकडे तुम्ही स्वतःहून म्हणणं मांडा. पन्नाशीतल्या माझ्या मैत्रिणी रात्री मुलांचे पेपर तपासून झाल्यावर टीईटीचं पुस्तक उघडतायत, त्यांना निदान एवढं तरी कळू दे की परिषद त्यांच्या बाजूने कुठेतरी बोलली.

नोंदणी, मेंटॉर, चौकशीची पद्धत आणि निवडून येणारे शिक्षक सदस्य, या चारही गोष्टींचा मसुदा काढा. तो फक्त हिंदी आणि इंग्रजीत नको, मराठीसकट सगळ्या राज्यांच्या भाषांत काढा, आणि हरकती पाठवायला निदान तीन महिने द्या, तेही मे महिन्याच्या सुट्टीत किंवा वार्षिक परीक्षेच्या धावपळीत नको. जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, एक दिवस बोलवा, केंद्रप्रमुखांकडून निरोप पाठवा, आम्ही येऊ, माझ्याकडे सुचवायला बरंच आहे आणि माझ्याबरोबरच्यांकडे माझ्यापेक्षा जास्त आहे.

आपली,
जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शिक्षिका